गावकारभार आणि आपण स्त्रिया

वरठी हे नाव परगावच्या माणसाला सांगितले तर तो क्षणभर घोटाळतो. ‘भंडारा रोड स्टेशन’ म्हटले की त्याला लगेच उमज पडते. गाव आपले, जमीन आपली, आणि स्टेशनाला नाव मात्र जिल्ह्याच्या ठिकाणाचे! रेल्वे कंपनीने हे नाव गावाला विचारून ठेवले असेल, असे कोणालाही वाटणार नाही. गावाला काही विचारायचे असते, ही कल्पनाच त्या काळी नवी होती. मग गावातल्या बायकांनाही विचारायचे असते, ही कल्पना किती दूरची! तिला कायद्यात जागा मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली. मंडळाच्या वर्धापनदिनाच्या ह्या स्मरणिकेत त्या वाटचालीचा थोडा इतिहास सांगावा, आणि त्यातून आपण काय घ्यायचे तेही मोकळेपणाने बोलावे, असा माझा विचार आहे.

योगायोग असा, की नागपूर-छत्तीसगड रेल्वे ज्या १८८२ साली राजनांदगावपर्यंत पोचली, त्याच वर्षी १८ मे रोजी लॉर्ड रिपन ह्यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला. लोकांनी आपले रस्ते, शाळा, दवाखाने, पाणी ह्यांचा कारभार आपण पाहावा व त्यातून राज्यकारभाराचे शिक्षण घ्यावे, असा त्या ठरावाचा आशय होता. आपला मुलूख तेव्हा मध्यप्रांतात होता. तेथे लगोलग १८८३ साली स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला आणि जिल्हा कौन्सिले व लोकल बोर्डे निघाली. भंडारा शहराची नगरपालिका तर त्याही आधीची, १८६७ सालची. पण ह्या संस्थांत बसत कोण? मालगुजार, मुकद्दम, व्यापारी आणि सरकारने नेमलेली मंडळी. कुळांना आणि मजुरांना तेथे थारा नव्हता. स्त्रियांचा तर कोणाला विचारही सुचला नाही.

आणि खेड्याचा खरा कारभार बोर्डात नव्हताच. तो मालगुजाराच्या वाड्यावर चाले. आपला भंडारा जिल्हा तलावांचा. कोहळी लोकांनी आणि मालगुजारांनी पिढ्यान् पिढ्या खपून बांधलेल्या ह्या तलावांवर धानाची शेती उभी राहिली. तलावाचे पाणी कोणाच्या बांधीत आधी जायचे, जंगलातून सरपण कोणी किती आणायचे, गुरे कोठे चारायची, ह्या निस्ताराच्या गोष्टी वाड्यावर ठरत. रोवणी करायची बाईने, पाणी भरायचे बाईने, सरपणाची मोळी डोक्यावर आणायची बाईने. आणि ह्या तिन्हींविषयीचा निर्णय व्हायचा त्या ओसरीवर तिने पाऊल ठेवायचे नाही, अशी रीत होती. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. तलाव सरकारकडे गेले आणि लोकांच्या तोंडी ते ‘माजी मालगुजारी’ म्हणजे ‘मामा तलाव’ झाले. मालक बदलला. विचारणारा मात्र लगेच आला नाही.

मध्यंतरी कायदे होत होते. १९२० साली मध्यप्रांतात ग्रामपंचायतींचा पहिला कायदा झाला. त्याच १९२० साली तिकडे पुण्यात एक घटना घडली, ती आपण सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुण्याच्या नगरपालिकेपुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला, तेव्हा पैसा अपुरा म्हणून ही सक्ती तूर्त मुलांपुरतीच ठेवावी, असा विचार पुढे आला. रमाबाई रानडे ह्यांच्या पुढारीपणाखाली पुण्याच्या स्त्रिया मिरवणुकीने रस्त्यावर आल्या आणि मुलींचाही त्यात समावेश झालाच पाहिजे, अशी त्यांनी मागणी केली. नगरपालिकेत त्यांची एकही खुर्ची नव्हती. तरीही नगरपालिकेला प्रश्न विचारण्याचा हक्क त्यांनी आपला मानला. खुर्ची मिळण्याच्या आधी प्रश्न विचारता येतो, हा त्या मिरवणुकीचा धडा आहे.

मताचा अधिकारही असाच हळूहळू आला. १९३५ च्या कायद्याने काही स्त्रियांना मत मिळाले, ते शिक्षणाच्या किंवा मालमत्तेच्या अटीवर. पुष्कळींना तर नवऱ्याच्या मालमत्तेच्या आधारे! १९३७ साली नागपूरच्या अनसूयाबाई काळे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेत उपसभापती झाल्या. आपल्या प्रांताला ही भूषणाची गोष्ट होती. परंतु नागपूरच्या विधानसभेतील एक उंच आसन आणि वैनगंगेकाठच्या खेड्यातील चावडी ह्यांमध्ये फार मोठे अंतर होते.

स्वातंत्र्याच्या सुमारास हे अंतर कमी करण्याचे प्रयत्न झाले. १९४६ चा पंचायत कायदा आला. मग १९४८ साली द्वारकाप्रसाद मिश्र ह्यांच्या पुढाकाराने जनपद सभांची योजना आली. प्रत्येक तहसिलीला एक जनपद आणि त्याच्याकडे लोकांच्या रोजच्या गरजांची कामे, अशी तिची मांडणी होती. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘जनपदची शाळा’ हा शब्द अनेकींनी ऐकला असेल, तो ह्या योजनेचा.

त्यानंतरची एक हकीकत भंडारा जिल्ह्याच्या मतदाराने कधी विसरू नये. मे १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. तेव्हा हा मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. आणि प्रत्येक मतदाराला दोन मते होती. राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता. कार्यकर्त्यांपैकी काहींचे म्हणणे असे पडले, की आपल्या लोकांनी एक मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कोणालाच न देता ‘कुजवावे’, म्हणजे बाबासाहेबांचे पारडे जड होईल. बाबासाहेबांनी ते साफ नाकारले. ज्याने घटना घडवली, त्याने लोकांना मत वाया घालवण्यास सांगावे, हे त्यांना मान्य नव्हते. त्या निवडणुकीत बाबासाहेब पराभूत झाले. भाऊराव बोरकर राखीव जागेवर निवडून आले, आणि अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर. पुढे १९७७ साली पंचायत राज्याचा फेरविचार करण्यासाठी केंद्र सरकारने जी समिती नेमली तिचे अध्यक्ष हेच अशोक मेहता होते. भंडाऱ्याने दिल्लीला धाडलेल्या माणसाने देशाच्या गावकारभाराचा आराखडा तपासला, ह्याचे आपल्याला अगत्य असावे. पण त्याहून मोठी गोष्ट ती पहिली. जिंकण्यासाठीसुद्धा मत कुजवायचे नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला जिल्हा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने पंचायतींना आजची घडी दिली. वसंतराव नाईक समितीच्या १९६१ च्या अहवालावरून १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या आणि जनपदे मावळली. ह्या नव्या व्यवस्थेत स्त्रियांसाठी एकदोन जागांची सोय होती. कोणी निवडून आली नाही तर एखादीला घ्यावयाचे, अशी ती तऱ्हा. बहुधा पुढाऱ्याच्या घरची सून किंवा पत्नी येई, सभेत एका कडेला बसे, पदर सावरून सही करी आणि चहा झाला की परत जाई. तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिला बोलावले होते ते जागा भरण्यासाठी. मत विचारण्यासाठी नव्हे.

ह्याची जाण विचारवंतांना झाली नव्हती असे नाही. देशातील स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या समितीने १९७४ साली खेडोपाडी कायद्याने स्थापलेल्या स्त्री-पंचायती असाव्यात, अशी शिफारस केली. ती अमलात आली नाही. परंतु महाराष्ट्रातील शेतकरी स्त्रियांनी आपल्या परीने वाट काढली. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवड येथे शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले, त्याला खेड्यापाड्यांतून बायका लोटल्या. त्यानंतरच्या काळात जळगाव जिल्ह्यातील विटनेर, वर्धा जिल्ह्यातील येनोरा, यवतमाळ जिल्ह्यातील मेटीखेडा अशा गावी संपूर्ण स्त्रियांच्या पंचायती निवडून आल्या. ह्यांतील दोन गावे आपल्या विदर्भातली आहेत.

मग कायद्याचा ओघ वाढला. १९९० साली महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत स्त्रियांना तीस टक्के जागा राखल्या. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि देशभर एकतृतीयांश जागा व पदे स्त्रियांची झाली. २०११ साली महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. ज्या ओसरीवर पाऊल ठेवायचे नव्हते, तेथील निम्म्या खुर्च्या आज आपल्या आहेत. साठ वर्षांपूर्वीच्या कोणा बाईला हे सांगितले असते तर तिने हसून पदर तोंडाला लावला असता.

इतिहास इथवर आला, की पुष्कळजणी समाधानाचा सुस्कारा टाकतात. माझे म्हणणे येथून सुरू होते.

खुर्ची मिळणे आणि विचारले जाणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खुर्च्या गावात पाच-पंचवीस. त्यांवर बसणाऱ्या बायका त्याच्या निम्म्या. उरलेल्या शेकडो बायकांचे काय? त्यांच्यासाठी कायद्याने एक दुसरी जागा ठेवली आहे, तिचे नाव ग्रामसभा. ज्या बाईचे नाव गावच्या मतदारयादीत आहे, ती ग्रामसभेची सदस्य आहे. तिला निवडून यावे लागत नाही, तिकीट मागावे लागत नाही, कोणाची चिठ्ठी लागत नाही. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. गावाचा आराखडा, घरकुलासारख्या योजनांचे लाभार्थी, खर्चाचा हिशेब ह्या गोष्टी तेथे यायच्या असतात. शिवाय २००३ च्या सुधारणेने ग्रामसभेच्या आधी केवळ स्त्रियांची सभा, म्हणजे महिला सभा, घ्यावी अशी तजवीज झाली. पुरुषांपुढे बोलायला जी बाई कचरते, तिने आधी बायकांत बोलावे आणि तिचे म्हणणे ठराव होऊन मोठ्या सभेत जावे, हा त्यामागचा हेतू आहे.

ह्या अधिकाराचे मोल परदेशाकडे पाहिले म्हणजे कळते. स्वित्झर्लंड हा लोकशाहीचा जुना देश. तेथील अपेन्झेल भागात सारे नागरिक मोकळ्या चौकात जमून हात वर करून निर्णय घेतात. आपल्या ग्रामसभेची ही थोरली बहीणच म्हणायची. पण त्या चौकात स्त्रियांना जागा नव्हती. देशाच्या निवडणुकांत तेथील स्त्रियांना १९७१ साली मत मिळाले. अपेन्झेलच्या एका प्रांतात मात्र गावकीच्या चौकात उभे राहण्यासाठी १९९० साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला, आणि १९९१ साली त्या प्रथम सभेत आल्या. आपल्याकडे तो चौक कायद्याने आधीपासून खुला आहे. तो बहुतेक वेळा रिकामा असतो, एवढेच.

रिकामा का असतो? आपल्याकडील बायका आळशी आहेत म्हणून नव्हे. ग्रामसभेचे ठरलेले दिवस पाहा : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पाऊस उशिरा आला तर १५ ऑगस्टलाही बाया बांधीत वाकून रोवणी करीत असतात. विडी वळणाऱ्या बाईचा दिवस विड्यांच्या गणतीवर चालतो. दोन तास सभेत बसले तर तितकी मजुरी बुडते. त्यातून ती गेलीच, तर चर्चेचा विषय तिला आधी ठाऊक नसतो. आणि गणपूर्तीसाठी मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, ह्यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. ती न जमल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नसते. म्हणजे आपण गेलो नाही म्हणून निर्णय थांबत नाही. तो आपल्यावाचून होतो.

माझ्या माहेरच्या गावाची गोष्ट सांगते. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण ती पुष्कळ गावांची गोष्ट आहे. तेथे एकदा महिला सभेची वही घरोघर फिरली. माझी वहिनी चुलीपाशी होती. ‘वहिनी, इथं सही करा जी,’ म्हणून मुलगा दारात उभा. तिने ओल्या हाताने वही घेतली आणि वर पाहिले तर ठराव लिहायची जागा कोरी! तिने विचारले, ‘कशावर सही करू बाबू?’ मुलगा म्हणाला, ‘सगळ्यांनीच केली जी, तुमचीच राहिली.’ वहिनी चार यत्ता शिकलेली. तिने वही परत दिली आणि म्हणाली, ‘मग सभा भरव, मी येतो.’ तिच्या सहीवाचून वहीचे काही अडले असेल असे नाही. पण बाबासाहेबांनी मत कुजवू नका म्हणून सांगितले त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. कोऱ्या ठरावाखाली केलेली सही म्हणजे कुजवलेले मतच होय. किंबहुना त्याहून वाईट. कारण कुजलेले मत कोणाच्याच कामी येत नाही, कोऱ्या कागदावरची सही दुसऱ्याच्या कामी येते.

उलट बाजूही आहे. २००८ च्या सरकारी आदेशानुसार गावातील एकूण स्त्री-मतदारांपैकी पंचवीस टक्के स्त्रियांनी मागणी केली तर दारूच्या दुकानाविषयी मतदान घ्यावे लागते, आणि एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडव्या बाटली’ला मत दिले तर दुकान बंद होते. नीट लक्षात घ्या : आलेल्या बायकांपैकी निम्म्या नव्हेत, यादीतल्या सर्व बायकांपैकी निम्म्याहून अधिक. जी घरी राहिली तिचे मत आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने मोजले गेल्यासारखे होते. गैरहजर राहणे म्हणजे तटस्थ राहणे नव्हे, हे ह्याहून स्पष्ट कोण सांगणार?

आणि आपल्याच वैनगंगेच्या खालच्या अंगाला, गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा हे लहानसे गोंड गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा सर्वांना ठाऊक आहे. तेथे ग्रामसभा निर्णय सर्वसहमतीने घेते, आणि स्त्री-पुरुष दोघेही सभेला बसतात. २००९ साली ह्या गावाला आपल्या जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली आपला बांबू विकण्याचा परवाना. त्या गावाकडे आपल्यापेक्षा जास्त पैसा नव्हता, जास्त शिक्षण नव्हते. सभेला बसण्याची सवय मात्र वर्षानुवर्षांची होती. कायदा आला तेव्हा तो वापरायला माणसे तयार होती.

वरठी हे मेंढ्यासारखे छोटे गाव नाही. येथे स्टेशन आहे, पोलादाचा कारखाना आहे, बाहेरून येऊन राहिलेली कुटुंबे आहेत. मोठ्या गावात शेजारीणही पुरती ओळखीची नसते. म्हणूनच सभेची गरज येथे अधिक. शिवाय आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गाव वाढता वाढता नगरपंचायत होते. आपल्या तालुक्याचे ठिकाण मोहाडी येथे ती झालेलीच आहे. नगरपंचायत आली की रस्ते-दिवे वाढतील, परंतु ग्रामसभा राहत नाही. वाढत्या गावातील बायकांनी ह्या अधिकाराची सवय आजच केली नाही, तर तो पुढे कधी गेला हे कळणारही नाही. कारण जी वस्तू वापरलीच नाही ती हरवल्याचे दुःख कोणाला होते?

मग आपल्या मंडळाने काय करावे? मोठे काही नको. पहिले, नव्या सुनांची नावे तपासावी. लग्न होऊन आलेल्या मुलीचे नाव पुष्कळदा माहेरच्या यादीतच राहते. येथील यादीत ते नसेल तर ती येथील ग्रामसभेची सदस्यच नाही. हळदीकुंकवाला वाण द्यावे तसा प्रत्येकीला मतदारनोंदणीचा अर्ज द्यावा. दुसरे, सभेची सूचना निघाली की तिच्यावरील विषय मंडळात वाचून दाखवावे, विडी वळता वळता ऐकता येतील असे. तिसरे, ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, त्यांना दरवर्षी एकच प्रश्न न चुकता विचारावा : ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातून दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते, ती किती झाली आणि कशावर लागली? प्रश्न भांडणाचा नाही, हिशेबाचा आहे. घरचा खर्च पै न् पैने लिहिणाऱ्या बाईला तो विचारणे अवघड नाही. आणि चौथे, ठराव वाचल्यावाचून सही करायची नाही.

निवडून आलेल्या आपल्या भगिनींविषयीही दोन शब्द. बाई सरपंच झाली तरी कारभार तिचे ‘अहो’च पाहतात, अशी थट्टा सर्वत्र चालते. ही थट्टा बंद करणे तिच्या एकटीच्या हाती नाही. सभेत तिच्यासमोर शंभर बायका बसल्या आणि त्यांनी प्रश्न तिलाच विचारले, तर उत्तरही तिलाच द्यावे लागेल. मग मागच्या बाकावरून बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येईल. खुर्चीतल्या बाईला बळ येते ते सभेतल्या बायकांमुळे.

रिपनचा ठराव सिमल्याकडून आला, जनपद नागपूरहून आले, जिल्हा परिषद मुंबईहून आली आणि राखीव जागा घटनेतून. ह्या साऱ्या गोष्टी वरून खाली आल्या. त्यांबद्दल कृतज्ञता असावीच. पण सभेत उठून उभे राहणे आणि ‘हे असे का?’ म्हणून विचारणे, ही गोष्ट कोणत्याही कायद्याला वरून पाठवता येत नाही. ती गावातूनच यावी लागते. पुढल्या ग्रामसभेची सूचना लागेल, तेव्हा आपल्या मंडळाची प्रत्येक सभासद एका शेजारणीला घेऊन तेथे गेली, तर ह्या वर्धापनदिनाचे सार्थक झाले असे मी म्हणेन.